चादरीवरची चार वाक्यं

इंग्रजीत काही शब्द शिकवायला सोपे आणि निस्तरायला अवघड असतात. 'रेअरली', 'सेल्डम', 'हार्डली एव्हर' ही त्यातली मंडळी. एखादी गोष्ट अगदीच होत नाही असं नाही, पण होते म्हणायलाही जीभ रेटत नाही, अशा वेळी ती कामाला येतात. अम्मानजवळच्या सल्त गावच्या सरकारी शाळेत चौतीस वर्षं मी ती शिकवली आणि कुणाचं काही बिघडलं नाही, कारण ती कुणाला आलीच नाहीत. निवृत्तीनंतर मात्र एकदाच नीट शिकवली. पंधरा दिवसांत मला नगरपालिकेची नोटीस आली, खाटकाने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि माझ्या घरातली गोष्ट एकशे बारा पायऱ्यांच्या गल्लीत वरपासून खालपर्यंत सगळ्यांना पाठ झाली.

दुपारची झोप आटोपली की गल्लीतली मुलं माझ्या गच्चीवर शिकायला येतात. फी नाही. बायको गेल्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून घर मला दोन मापं मोठं होतं. मुलं आली की ते अंगाला बसतं, एवढीच माझी फी.

त्या दिवशी पुस्तकात वाक्य होतं, 'मी क्वचितच बर्फावर घसरायला जातो.' शेजारच्या उम्म गालिबचा नातू कैस म्हणाला, "उस्ताज, आम्ही तर कधीच जात नाही. मग क्वचित कशाला म्हणायचं?"

मुद्दा बिनतोड होता. मी पुस्तक मिटलं. म्हटलं, आपापल्या घरात क्वचित घडणारी एकेक गोष्ट लिहा. हा शब्द क्रियापदाच्या पुढ्यात उभा करायचा, आणि एकदा तो आला की वाक्यात निराळा नकार घालायचा नाही. नकार त्याच्या पोटातच असतो.

"आधी तुम्ही एक लिहा," खाटकाची डीमा म्हणाली. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला फसवणं अशक्य आहे.

मी खडू घेतला. चौतीस वर्षं मी फळ्यावर 'वाळवंटात क्वचितच पाऊस पडतो' असं लिहीत आलो होतो. हाताला तेच वळण. पण त्या दिवशी हाताने लिहिलं, 'माझी मुलगी क्वचितच घरी येते.'

मुलांनी वाचलं. डीमाने दोनदा वाचलं. "हे खरं आहे का, उस्ताज?"

"उदाहरण आहे."

"म्हणजे खोटं?"

"उदाहरण खरं-खोटं नसतं, डीमा. बरोबर किंवा चूक असतं."

आता तुमच्यापासून काय लपवायचं. माझी लमीस अम्मानला असते. कॅनडात नाही, आखातात नाही. अम्मानला. बसने चाळीस मिनिटं. विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, दोन जुळे मुलगे आहेत, आणि दिवस चोवीस तासांचाच आहे हे मलाही कळतं. शेवटची आली ती ईदला. दीड तास बसली, तोही गाडीची किल्ली मुठीत धरून. आमच्याकडे बापाला 'अबू' आणि आईला 'उम्म' लावून लेकराच्या नावाने हाक मारतात, बहुतेक थोरल्या मुलाच्या. मला मुलगा नाही, आणि त्याची उणीव मी कुणाला भासू दिली नाही. पहिल्या दिवसापासून मी अबू लमीस, लमीसचा बाप. भाजीवाला, न्हावी, मशिदीतले लोक, सगळे तशीच हाक मारतात. दिवसातून वीस वेळा तिचं नाव घराबाहेर ऐकू येतं आणि वीसही वेळा मला बोलावणं असतं.

तर मुलांनी वाक्यं लिहिली. डीमाने लिहिलं, 'आमच्या घरी क्वचितच मांस खातात.' कैसने लिहिलं, 'माझी आजी क्वचितच गप्प बसते.' मुहन्नद म्हणून एक शांत मुलगा आहे, नगरपालिकेतल्या कारकुनाचा. त्याने लिहिलं होतं, 'माझे बाबा क्वचितच कचेरीत नसतात.' मी त्याला म्हटलं, बाळा, त्या 'नसतात'मध्ये एक नकार जास्त झाला, तो काढ. त्याने निमूटपणे काढला. माणसाच्या हातून आयुष्यात काही दुरुस्त्या नको त्या वेळी होतात.

वाक्यं इतकी बिनचूक होती की मला राहवलं नाही. कपाटातली एक जुनी पांढरी चादर काढली, मुलांकडून त्यांची तीन वाक्यं तिच्यावर जाड पेनाने ठळक लिहवून घेतली आणि चौथं, माझं, मी लिहिलं. विचार होता गच्चीवर लावायचा. पण उम्म गालिब कठड्यावरून बघत होती. बघत असतेच.

"गच्चीवर लावून कुणाला दाखवणार? कबुतरांना? गल्लीच्या जिन्याच्या भिंतीवर लावा, अबू लमीस. वरच्या गल्लीतल्यांना कळू दे आमच्या पोरांना इंग्रजी येतं ते."

"भिंत सार्वजनिक आहे, उम्म गालिब."

"मग? आपण काय खाजगी आहोत?"

तिच्याशी वाद घालून आजवर कुणी जिंकलेलं नाही. तिचा नवरा प्रयत्न करता करता गेला. मी चादर जिन्याच्या भिंतीवर लावली.

पहिला दिवस सुखाचा गेला. लोक थांबायचे, मान डोलवायचे, माशाल्ला म्हणायचे आणि पुढे जायचे. कुणाला अर्थ लागत नव्हता, त्यामुळे सगळ्यांना अभिमान वाटत होता. शिक्षणावर लोकांचं प्रेम असतं ते याच टप्प्यापर्यंत. दुसऱ्या दिवशी डीमाला वाटलं की हे बरं नाही. ती चादरीखाली उभी राहिली आणि येईल-जाईल त्याला चारही वाक्यं अरबीत सांगू लागली, खणखणीत आवाजात. आवाज तिने बापाकडून घेतलाय.

दुपारी तो बाप माझ्या दारात. अबू राकान. हातात सुरी होती, पण ती रागाने नव्हे, दुकानातून तसाच उठून आला म्हणून. हा माझाच विद्यार्थी, इंग्रजीत तीनदा नापास झालेला.

"उस्ताज, तुम्ही मला तीनदा नापास केलंत, मी कधी काही बोललो?"

"नाही."

"मग आता धंद्यातही नापास करताय? सकाळपासून सात गिऱ्हाइकं विचारून गेली, अबू राकान, तू स्वतः खात नाहीस असं काय विकतोस आम्हाला?"

"पण तुझ्या घरी खातात का?"

तो जरा घुटमळला. सुरी या हातातून त्या हातात घेतली. "दिवसभर तेच बघतो हो. घरी गेल्यावर मसूर बरी वाटते. पण हे भिंतीवर लिहायचं असतं?"

मी म्हटलं, उद्या सकाळी चादर काढतो. आणि खरंच काढली असती. पण सकाळी चादरीशेजारी नोटीस चिकटवलेली होती. 'सार्वजनिक जिन्यालगत विनापरवाना फलक. पाहणी होईपर्यंत सदर फलक काढू, हलवू वा त्यावरील मजकूर बदलू नये.' खाली सही, मुहन्नदच्या वडिलांची. अबू मुहन्नदना आपल्याविषयीचं वाक्य कळलं होतं आणि रागाच्या भरात त्यांनी छापील नमुना भरून टाकला होता. ते वाक्य आता नगरपालिकेच्या संरक्षणाखाली गेलं, हे नमुना भरताना त्यांच्या लक्षात आलं नसावं. छापील नमुने कोण वाचतो?

मी अर्ज घेऊन कचेरीत गेलो. अबू मुहन्नद नव्हते. खुर्चीच्या पाठीवर त्यांचा कोट होता. शेजारचा कारकून म्हणाला, "आत्ताच होते." दुसऱ्या दिवशी गेलो, कोट होता. तिसऱ्या दिवशी कोट होता. चौथ्या दिवशी मी त्या कोटाला सलाम केला, कारण चार दिवसांच्या ओळखीत माणूस कोरडा राहू शकत नाही.

"कुठे असतात हो ते?" मी विचारलं.

"जाहामध्ये," कारकून म्हणाला. "आज दोन आहेत त्यांच्या."

आता उलगडा झाला. आमच्याकडे भांडण मिटवायचं असो की मुलगी मागायची असो, चार वडीलधारी माणसं मिळून दुसऱ्याच्या घरी जातात. हीच जाहा. यजमान कॉफी देतो. पाहुणे पेला पुढ्यात ठेवतात आणि हात लावत नाहीत. मागणी सांगतात. यजमान 'तुमची कॉफी प्या' म्हणाला की मागणी मान्य. तोवर कॉफी निवत राहते आणि यजमानाची अब्रूही. अबू मुहन्नदांचा चेहरा या कामासाठीच घडवलेला आहे. भारदस्त मिशा, दुःखी डोळे, आणि निवलेल्या कॉफीसमोर तासभर न हलता बसायची ताकद. अख्खं सल्त त्यांना नेतं. कचेरीत बसायला सवड कुठून मिळणार? त्यांच्या मुलाचं वाक्य बिनचूक होतं, पण त्यात बापाची निंदा नव्हती हे मला तेव्हा कळलं.

इकडे चादर तशीच, आणि डीमाला आता चौथं वाक्य, म्हणजे माझं, सगळ्यात जास्त आवडू लागलं होतं. ती ते शेवटी सांगायची, जरा थांबून. लोक माझ्याकडे वळून बघायचे. न्हाव्याने दाढीचे पैसे घेतले नाहीत. भाजीवाल्याने दोन काकड्या वर टाकल्या. चौतीस वर्षं मुलांचे कान धरलेल्या माणसाला फुकट काकडी किती जड असते हे ज्याचं त्याला कळतं.

उम्म गालिबने तर रोगच सुचवले. "छातीत दुखतं म्हणून कळवा. धावत येईल."

"माझ्या छातीत दुखत नाही."

"खरंच?" ती म्हणाली, आणि तिच्या आयुष्यात क्वचित घडणारी गोष्ट घडली. ती गप्प बसली.

पण हात गप्प बसले नाहीत. तिने चादरीचा फोटो लमीसला पाठवला. संध्याकाळी फोन वाजला.

"बाबा, जिन्यावर माझ्याबद्दल काय लिहिलंय?"

"ते उदाहरण आहे."

"अक्षर तुमचं आहे."

"वळणदार आलंय ना?"

"बाबा. आणि तुम्ही किती वेळा येता माझ्याकडे? चाळीस मिनिटं मलाच लागतात का? तुमची बस काय उलटी जाते?"

तिचं घर सातव्या मजल्यावर आहे. पांढरा सोफा आहे, त्यावर मी कडेला टेकून बसतो. जुळ्यांच्या शिकवण्यांचं वेळापत्रक भिंतीवर असतं, त्यात आजोबांना रकाना नाही. हे मी बोललो नाही. फोनवर मी नेहमी 'सगळं छान आहे' एवढंच म्हणतो.

"ते काढून टाका," ती म्हणाली.

"काढता येत नाही. नगरपालिकेचा आदेश आहे."

"बाबा, निदान निमित्त तरी बरं शोधा," असं म्हणून तिने फोन ठेवला.

दोन दिवसांनी, मंगळवारी सकाळी अकराला, भर कचेरीच्या वेळात, माझ्याकडे जाहा आली. अबू राकानच्या वतीने चार माणसं, त्यांत पुढे साक्षात अबू मुहन्नद, कोटाशिवाय. मी वेलदोड्याची कडू कॉफी आणली. अबू मुहन्नदनी पेला घेतला, पुढ्यात ठेवला आणि दुःखी डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाकीच्यांनीही पेले ठेवले.

"अबू लमीस," ते म्हणाले, "आम्ही एका इज्जतदार माणसाच्या घरासाठी आलोय. त्याच्या मुलीचं वाक्य तेवढं काढा."

"आनंदाने. पण काढायचं नाही अशी नोटीस आहे."

"कुणाची?"

"तुमची."

अबू मुहन्नदांची मिशी थोडी हलली.

"मग माझा अर्ज घ्या आणि परवानगी द्या," मी म्हटलं. "खिशातच आहे."

"छे, छे. कचेरीचं काम कचेरीत."

"तिथे तुमचा कोट असतो."

चौघांपैकी एक जण खोकला. कॉफी निवत होती. मी यजमान, पाहुण्यांनी न पिता उठणं म्हणजे माझं नाक कापलं जाणं. आणि हो म्हणावं तर आदेशभंग. शिक्षकाच्या जातीने मी वाक्याकडे पुन्हा पाहिलं. नोटिशीत काढू नये, हलवू नये, बदलू नये असं होतं. भर घालू नये असं कुठे होतं?

"खाली एक ओळ वाढवली तर?" मी म्हटलं. "'पण आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्याला नेहमी मांस मिळतं.'"

अबू मुहन्नदनी डोळे मिटून विचार केला आणि मान डोलवली. मी 'तुमची कॉफी प्या' म्हणायला तोंड उघडलं, एवढ्यात जिन्यावर टाचांचा आवाज आला. मला तो आवाज माहीत आहे. चौथ्या पायरीला जरा थांबतो, कारण लहानपणी ती तिथेच पडली होती.

लमीस दारात उभी राहिली. कचेरीचे कपडे, हातात गाडीची किल्ली. चादर ओरबाडून काढायलाच आली होती हे चेहऱ्यावर दिसत होतं. पण चादर तिच्या हातात नव्हती.

"ती आईची चादर आहे," ती म्हणाली. "निळ्या काठाची."

"कपाटात होती," मी म्हटलं.

"मला वाटलं तुम्ही सगळं देऊन टाकलंत." मग तिला माणसं दिसली, पुढ्यातले पेले दिसले. या मातीतलीच मुलगी, सांगायची गरज नव्हती. "ही जाहा कशासाठी? माझ्यासाठी?"

"नाही बेटा, मांसासाठी," अबू मुहन्नद म्हणाले. पण जाहांत वर्षानुवर्षं मुरलेला माणूस. त्यांनी पुढे केलेला हात पेल्यापासून मागे घेतला. "तरी पेले अजून भरलेलेच आहेत. आलोच आहोत तर आणखी एक मागणी घालता येते. अबू लमीस, तुमच्या वतीने आम्ही मुलीशी बोलू का?"

"नको," मी म्हटलं. "माझी काही मागणी नाही. ते उदाहरण होतं."

"बघा," लमीस त्या चौघांना म्हणाली, मला नाही. "दर शुक्रवारी फोन करते. सगळं छान आहे, म्हणतात. ये म्हणून एकदा म्हणाले नाहीत. चार वर्षांत एकदाही. मला वाटायचं, आई गेल्यावर इथे माझं काही काम उरलं नाही. आणि भिंतीवर लिहिलं तेही इंग्रजीत."

चौतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की परकी भाषा शिका, दारं उघडतात. दारामागे लपताही येतं, हे मात्र मी कुणाला शिकवलं नाही. इंग्रजीत लिहिलं की ते उदाहरण होतं. तेच आपल्या भाषेत म्हटलं की मागणं होतं, आणि मागायचं तर कुणाच्या तरी पुढ्यात बसावं लागतं.

मी उठलो. माझा स्वतःचा पेला उचलला आणि लमीसच्या पुढ्यातल्या तिपाईवर ठेवला. तिच्यासमोर बसलो. तो अख्खा प्रकार रीतीला धरून नव्हता. बापाने मुलीकडे जाहा नेल्याचं सल्तमध्ये कुणी ऐकलं नसेल. अबू मुहन्नदनी मान फिरवून खिडकीकडे पाहिलं, ही त्यांची थोरवी.

"ये," मी म्हटलं. बाकी वाक्य तयार होतं, पण ते आलं नाही. "जमेल तेव्हा. मीही येईन. सोफ्यावर नीट बसेन."

तिने किल्ली पर्समध्ये टाकली. तो लहानसा आवाज मला कितीतरी दिवसांनी ऐकू आला. मग ती म्हणाली, हळू, पण चौघांनाही ऐकू जाईल असं, "प्या बाबा. तुमची कॉफी प्या."

मी प्यायलो. गार होती. चौघांनीही मग घाईघाईने पेले उचलले, कारण दुपारी अबू मुहन्नदांची आणखी एक जाहा होती.

त्यानंतर चादरीवर पाचवं वाक्य आलं आणि अख्खी गल्ली पाहुणी म्हणून अबू राकानकडे जाऊन आली. त्याने मन्सफ घातला, दह्यात शिजवलेलं बकरं, मोठमोठ्या परातींतून. डीमाने मसूर खाल्ली. अबू राकान आता माझ्याशी बोलतो, पण पाहुण्यांविषयी लिहिताना जरा जपून लिहा म्हणतो.

लमीस पुढचे दोन शुक्रवार मुलांना घेऊन आली. तिसऱ्या शुक्रवारी मी अम्मानला गेलो. चौथ्याला तिची कसली तरी बैठक होती, पाचव्याला एका जुळ्याला ताप. मुलं विचारतात, "उस्ताज, तुमचं वाक्य आता बदलायचं का?" मी म्हणतो, पाहणी व्हायची आहे, मजकूर बदलता येत नाही. चादर उन्हाने पिवळी पडत चाललीय, निळा काठ तेवढा टिकून आहे.

ज्या शुक्रवारी ती येत नाही त्या शुक्रवारीही मी कॉफी करतो. पेला पुढ्यात ठेवतो आणि हात लावत नाही. उम्म गालिब कठड्यावरून विचारते, "का हो अबू लमीस, पीत का नाही?"

मी सांगतो, गरम आहे.